बांधापलीकडचं रिंगण

भरतात तेल जास्त झालंय, एवढंच कोकिळा म्हणाली होती. पण म्हणाली ती भर पंगतीत, पाव्हण्यांसमोर! भरीत केलं होतं थोरल्या जाऊबाई भिकुबाईंनी. त्यांना ते असं झोंबलं, की दोघींचं बोलणंच तुटलं. त्यांचे नवरे, भिकुबाईंचे नवलभाऊ आणि कोकिळेचा छगन, भडगावच्या बाजाराला एकाच मोटरसायकलवर जायचे. बायका मात्र बांधाच्या दोन बाजूंना तोंडं फिरवून निंदायच्या.

भिकुबाईंच्या बाजूला, बांधालगतच्या गवतात, दर पावसाळ्यात कुत्र्याच्या छत्र्यांचं गोल रिंगण उगवायचं. घरातलं जुनं सांगणं असं, की तिथे साती आसरा, पाण्याच्या सात देवी, फुगडी खेळून जातात. घरच्या सुनांनी रिंगणाला पुरता फेरा घालून हळदकुंकू वाहायचं. कोकिळेचा त्यावर भारी विश्वास, पण अबोला धरल्यापासून ती आपल्या बाजूनंच हात जोडायची. भिकुबाईंचा? छे! पण धुळ्याला शेतकी शिकणारी त्यांची लेक पुनम एकदा सुट्टीत म्हणाली, "आई, छत्री म्हणजे नुसतं फळ गं. खरं बुरशीचं जाळं मातीखाली असतं. ते दरवर्षी बाहेर सरकतं, म्हणून रिंगण मोठं होतं. नांगर लागला की मेलंच."

झालं! रिंगण एकदा बांधापलीकडे कोकिळेच्या शेतात शिरलं, की नुसते हात जोडून भागणार नाही, पुरत्या फेऱ्यासाठी तिला इकडे यावंच लागेल, असं भिकुबाईंनी मनाशी धरलं. आपण होऊन हाक मारायची? नाव नको! नवलभाऊंनी तो तुकडा नांगरायचं काढलं, की आसरांच्या कोपाचं सांगून त्या त्यांची पाचावर धारण बसवायच्या. जावेच्या आठवणीनं जीव तुटायचा, हे मात्र कुणाला सांगायच्या नाहीत.

यंदा छत्र्यांच्या रांगेची दोन्ही टोकं बांधाला भिडली. भिकुबाई पदर खोचून बांधावर चढल्या आणि पलीकडे पाहतात तो काय! रिंगणाची उरलेली बाजू कोकिळेच्या शेतात पांढरीशुभ्र उगवलेली. रानभर कपाशी, आणि बांधालगत तेवढा गवताचा पट्टा तसाच राखलेला. म्हणजे तिकडेही कुणीतरी नांगर अडवून धरला होता. इतके पावसाळे!

गवतात कोकिळा हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती.

"का गं, हे नांगरलं नाही तुम्ही? आसरांना भ्यालीस?" भिकुबाईंनी बांधावरूनच विचारलं.

कोकिळेनं मान खाली घातली. "जाळं नि नांगर, समदं पुनमनी माले बी सांगेल व्हतं, अक्का."

अगं बाई! भिकुबाई हसल्या, रडल्या, धडपडत बांध उतरल्या. दोघी फेऱ्याला निघाल्या. निम्मं रिंगण झालं असेल-नसेल, तोच भिकुबाईंनी जावेचा हात घट्ट धरला.

"त्या दिन तेल जास्तीच व्हतं माय."