रुंद झालेली माणसं

लातुरात दगड भिरकावला तर तो एखाद्या सरला लागतो. क्लासेस एवढे वाढले की लग्नांपेक्षा क्लासच्या जाहिराती जास्त यायला लागल्या, आणि मी, लग्नाच्या कॅसेटी कापून पोट भरणारी रजिया, औसा रोडवरच्या स्टुडिओत सरांना हिरो करत बसले. म्हणून सर मंडळींवर माझा विश्वास नाही. फुटेजवर तर त्याहून नाही.

मन्मथ सरांच्या क्लासला फिल्म हवी होती. भूकंपात बाप गेलेला पोरगा आज फिजिक्स शिकवतो, अशी. तो पोरगा म्हणजे प्रेम सर. आवाज द्यायला त्यांनी आईला आणलं होतं, चांगुणामावशीला. ढिगाऱ्यातून मायलेकांना काढून सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, नवरा सापडला नाही, सामुदायिक चितेत गेला असं समजून तिनं काळे मणी उतरवले. माइकसमोर हे एका दमात सांगून ती माझ्यामागच्या खुर्चीत येऊन बसली.

भूकंपानंतरच्या दिवाळीत औशाजवळच्या छावणीत ब्लँकेटवाटप झालं होतं. त्याची कॅसेट प्रेम सरांनी नांदेडच्या एका व्हिडिओवाल्याकडे शोधली आणि त्याच्याकडूनच तिची फाइल करून आणली. मी ती उघडली आणि मला हसूच आलं. छावणीतली माणसं गरगरीत, तंबू बसके, तोंडं भाकरीएवढी.

सॉफ्टवेअर भोळं असतं. चित्रातला प्रत्येक ठिपका किती रुंद धरायचा, हे ते फाइलला विचारतं आणि फाइल सांगेल ते खरं मानतं. नांदेडवाल्यानं फाइल बनवताना नव्या रुंद टीव्हीची खूण लावली होती. त्यामुळे जुन्या कॅसेटमधली माणसं आडवी ताणली गेली होती.

"एक सेटिंग बदलते, नीट होईल," मी म्हणाले.

"राहू द्या ताई. पडदा भरून दिसतंय, चांगलंय की," प्रेम सर म्हणाले.

फिजिक्सचा मास्तर, आणि त्याला माणसं रुंद चालतात? मी मान वर करून बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम होता. मग म्हणाले, "नाहीतर हा ब्लँकेटचा शॉट काढूनच टाका." मी मन्मथ सरांना फोन लावला. त्यांनी तो शॉट आधी बघितला होता. "अहो, तीच तर फिल्मची जान आहे, ठेवा," ते म्हणाले.

"मग असाच ठेवा," प्रेम सर हळूच म्हणाले.

पाणी कुठंतरी मुरत होतं. बाप खरंच भूकंपात गेला होता, की क्लासनं जाहिरातीपुरता मारला होता? या शॉटमध्ये असं काहीतरी होतं जे कुणी ओळखू नये असं या माणसाला वाटत होतं. वर आता तो आईला म्हणत होता, "चल, तुला घरी सोडून येतो."

"बसू दे की," मावशी म्हणाली. "गावचं कुनी दिसतंय का बघते."

पडद्यावर रांग सरकत होती. ब्लँकेट माणशी एक होतं. वाटणारा प्रत्येकाला विचारत होता, घरात किती? कुणी चार बोटं दाखवी, कुणी सहा. मावशी पुटपुटत होती, "ह्यो न्हाई, त्यो बी न्हाई." एका फुगलेल्या माणसाकडे बघून ती हसली. "ह्यो कोन तालेवार रांगेत लागलाय?"

प्रेम सर पडद्याला आडवे येऊन उभे राहिले. आता मात्र माझं डोकं फिरलं. "बाजूला व्हा," मी म्हणाले, सेटिंग उघडलं, रुंद टीव्हीची खूण काढली आणि शॉट पुन्हा चालवला.

तंबू उभे राहिले. तोंडं लांबट झाली, गालफडं दिसायला लागली. तो तालेवार माणूस काडीसारखा झाला, मान वळवून कॅमेऱ्याकडे बघायला लागला. वाटणाऱ्यानं विचारलं, घरात किती? त्यानं एक बोट वर केलं.

मावशी खुर्चीतून उठली. "मागं घे." मी घेतलं. "अजून येकदा."

तिनं पोराकडं बघितलं. "तुला ठावं होतं?"

"नांदेडला त्या व्हिडिओवाल्याच्या जुन्या टीव्हीवर बघितलं," प्रेम सर म्हणाले. "तिथं बाबा नीट दिसत होते. फाइलीत ओळखू येईनात, तेव्हा बरं वाटलं मला."

मी ज्याला चोर समजत होते तो आईसाठी आडवा उभा होता. मला माझीच शरम वाटली. बंद करावं म्हणून मी हात पुढे केला, तर मावशीनं तो धरला.

"आई, सोडलं त्यानं आपल्याला," प्रेम सर म्हणाले. "आपण दोघं जिवंत असताना एक बोट वर केलं त्यानं."

मावशीनं माझा हात सोडला.

"दवाखान्यात मला बी इचारलं होतं, घरात किती म्हून," ती म्हणाली. "म्या दोन म्हनलं."

प्रेम सर खाली बसले. मावशीनं पदर खोचला, पिशवी उचलली आणि मला विचारलं, "औशाची गाडी हितं समोरच थांबती का गं?"