तस्नीमची जेवायची वेळ

तान्ही तस्नीम रमजानच्या आधीच गेली. पण तिच्या आतड्याचा तांदळाएवढा तुकडा आमच्या ट्यूनिसच्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जिवंत आहे, वाढतोय, आणि त्याला रोज सकाळी दहाला भूक लागते.

हसा खुशाल! मीही आधी हसले होते. मी दहाला खाऊ घालते हे त्या पेशींना कळलंय. त्याआधीच त्या अन्न पचवायची जनुकं उघडून तयार असतात, ताट यायच्या आधी हात धुऊन बसावं तशा. साखर आत घेणारं एक जनुक तेवढं मिटलेलं. ते धड होतं, पण त्याची कळच दबत नव्हती. त्यापायी पोर आईच्या अंगावर पीत पीत वाळून गेली.

ती बशी ठेवलेल्या उबदार कपाटाशी एकटीनं जायची मला भीती वाटते. बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय मी दार उघडत नाही.

काल तिची आई मबरूका गफ्साहून आली. हातात पांढऱ्या कापडाची घडी.

"खाला," मावशी म्हणून मला हाक मारत ती म्हणाली, "माझ्या लेकीचं राहिलेलं द्या. अर्धीच पुरलीय मी तिला. रोज स्वप्नात येते, पोटावर हात ठेवून बघत राहते."

आमचे साहेब, रौफ, म्हणाले, "अहो, तुकडा ठेवायला तुम्हीच अंगठा दिलात ना?"

"अंगठा दिला, पोर नाही दिली!"

"देऊन टाका, हक्क तिचाच आहे," असं मला पुटपुटून साहेब निघून गेले.

मी बशी काढली. दहा वाजलेच होते. उपाशी कशी पाठवू? म्हणून आधी भरवलं आणि सवयीनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

अगं बाई! हिरवा उजेड. मिटलेलं जनुक उघडलं तर पेशी हिरव्या दिसाव्यात अशी खूण आम्ही घातली होती. काही दिवस नवं औषध देत होतो, त्यानं कळ दबली होती. वाटलं, गप्प बसावं, हिला सांगून कशाला छळायचं? पण राहवलं नाही.

"बघ. साखर आत घ्यायला लागलीय. पहिल्यांदाच."

ती डोळा लावून कितीतरी वेळ बघत राहिली. "म्हणजे खातेय?"

"खातेय गं."

ती बशीवर वाकली. "आता? आता खातेस होय गं, भवाने? तेव्हा मी काय काय नाही केलं! एक घोट तरी ठेवायचास पोटात!" बशीकडे बघून ती पोरीला रागावत होती, रडत होती. मलाही रडू आवरेना.

मग तिनं डोळे पुसले आणि कापड पिशवीत ठेवलं.

"राहू दे, खाला. भरल्या ताटावरून उठवू नये पोरीला."

दारापर्यंत गेली आणि वळली.

"परवा ईद. तुमचं बंद असेल ना? मग हिला कोण भरवणार?"