खिडकीपाशी येईन

बायको वारल्यावर माझा धाकटा भाऊ पीयूष दोन्ही पोरं माझ्याकडे टाकून बंगळुरूला गेला. तेव्हा गुड्डूला दातसुद्धा आले नव्हते. आता दुसरं लग्न झालं, फ्लॅट झाला आणि साहेबांना एकदम बापपण आठवलं, पोरांना न्यायला आले. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

पण शेवटी बाप तो बाप, आत्याला कोण विचारतं? पोरांना विमानाची भीती वाटू नये म्हणून छत्तीसगडातल्या भिलाई-३च्या आमच्या घरात मीच तयारी सुरू केली. दिवाणावर उशांच्या सीटा मांडल्या, ओढणीचा पट्टा बांधला, कानात दडे बसले की चघळायला लिमलेटच्या गोळ्या आणल्या. भाग्यश्री ऐटीत एअर होस्टेस व्हायची. गुड्डूचं मात्र एकच.

"आत्या, तू कुठं बसशील?"

"मी नाही येत रे. मी खिडकीपाशी येईन, टाटा कराले."

"पक्का?"

"पक्का. सुटेपर्यंत हलणार नाही."

आमचं घराणं रेल्वेचं, बाबा गार्ड होते. आमच्याकडे निरोप म्हणजे खिडकीच्या गजांतून धरलेला हात. गाडी हलली की तिच्यासोबत थोडं चालायचं आणि मग रडायचं. विमानात घरातल्या कुणी पाय ठेवला नव्हता. पीयूष मात्र ऊठसूट विमानानं फिरतो. तो समोरच मोबाईल घेऊन बसला होता, सगळं ऐकत होता, तोंडात मिठाची गुळणी धरून.

रायपूरच्या विमानतळावर जवानानं मला दारातच अडवलं. "टिकट?" मी म्हटलं, "भैया, बस बच्चों की खिड़की तक जाना है." त्यानं मान हलवली. तोवर पोरं आत शिरलीही होती, भाग्यश्री बॅग ओढत, गुड्डू बापाचं बोट धरून. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. कशाला पाहतील? आत्या खिडकीपाशी भेटणारच होती. मी काचेवर थापा मारल्या, वेड्यासारख्या हाका मारल्या. मी त्यांना जवळसुद्धा घेतलं नव्हतं, ते सगळं खिडकीसाठी राखून ठेवलं होतं.

संध्याकाळी पीयूषचा फोन आला.

"पोहोचलो, ताई. गुड्डू लय रडला पण. विमान उडेपर्यंत काचेले नाक लावून बसला होता. आत्या येऊन राहिली म्हणे."

"तिथंवर येता येत नाही, हे तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं ना."

"मंग बोलला कावून नाही?"

"बोललो असतो तं पोरं तुले सोडून आली असती का? तुझ्यामुळंच तं सोपं गेलं."

केसानं गळा कापतात तो असा. माझ्या अंगाची लाही लाही झाली, पण भांडायला वेळ नव्हता. मी म्हटलं, आधी गुड्डूला फोन दे.

मागून गुड्डूचा आवाज आला. माझ्या घरात तो आजवर मराठीच बोलला होता.

"मेरे को बात नहीं करनी. आत्या झूठ बोलती है."