कोपर

ताटाळ्यात, कॉफीच्या कपांशेजारी, मास्कचं ते नाक उपडं पडलं होतं — मऊ, रबरी, आरपार दिसणारं, आणि त्याच्या कडेला पाण्याचा एक थेंब सुटू की नको करत लोंबत होता. आईने ते कपबश्यांबरोबरच धुऊन टाकलं होतं. आपलं नाक असं दुसऱ्याच्या भांड्यांत निथळताना बघणं... यार्मोला वाटलं, ह्यात हसण्यासारखं काहीतरी असायला हवं. हसू आलं नाही.

“पुरे झालं निथळणं, चढव आता,” आई म्हणाली. “नर्सने काय सांगितलंय? दिवसा, जागेपणी, तासभर. मी समोरच बसते. काढलंस तर चापट.”

अठ्ठावन्न वर्षांच्या टँकर ड्रायव्हरला शहाऐंशी वर्षांची आई चापट मारणार होती, आणि तिने मारलीही असती. तो निमूट कोचावर आडवा झाला, मास्क नाकावर बसवून पट्टे डोक्यामागे ओढले, उशाशी ठेवलेल्या श्वासाच्या यंत्राची कळ दाबली. हवा आली — न विचारता, नाकातून थेट घशात — आणि रोजच्यासारखी त्याची छाती तिच्याशी भांडायला उठली.

“आपल्या गोठ्यातल्या दूध काढायच्या यंत्राची बहीणच की ही,” आई लोकरीचा मोजा विणायला घेत म्हणाली. “ते ओढायचं, ही ढकलते. गायींना दोन दिवसांत सवय झाली होती हो. तुला महिना झाला, तरी तुझं लाथा झाडणं चालूच.”

तो हसला, तशी नाकातली सगळी हवा तोंडावाटे सुसाट बाहेर पडली. ओठ मिटून घ्यावे लागले. हे लावलं की बोलता येत नाही, हे त्याने तिला सकाळीच सांगितलं होतं.

बाहेर अंगणातल्या दांडीवर कुणीतरी गालिचा टाकून बडवत होतं. धप्... धप्... महिनाभर रोज सकाळी मास्क जमिनीवर सापडत होता. झोपेत निघतो, असं त्याने नर्सला सांगितलं होतं, आणि ते खरंही होतं, पण सगळं खरं नव्हतं — काही रात्री तो टक्क जागा असताना, शांतपणे, स्वतःच्या हाताने पट्टा सोडवत होता. दुधाचा टँकर घेऊन सिग्नलला उभं असताना डुलकी लागली, म्हणून तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कागदावर घसा काढून दाखवला, झोपेत तो कसा मिटतो, श्वास कसा अडकतो... आणि तेव्हा त्याला भीती वाटलीच नाही. आठवले ते बाबा. म्हणजे बाबा असे गेले. आणि बाबा तर किती छान गेले!

गवत कापायचे दिवस. उन्हाळ्यात सगळे अंगणातल्या लाकडी कोठारात झोपायचे, फटींतून रात्रभर उत्तरेकडचा न मावळणारा उजेड. सकाळी आईने कॉफीला हाक मारली, बाबा उठले नाहीत, एवढंच. कपाळावर आठीसुद्धा नव्हती म्हणे. देवाने झोपेतच उचललं, असं पाद्री म्हणाला, आणि पुढे गावात कुणी वर्षभर खितपत पडून गेलं की लोक बाबांचं नाव घेऊन माना हलवायचे — मरण यावं तर तौनोसारखं. त्यानेही ते मरण स्वतःसाठी बाजूला काढून ठेवलं होतं, चांगला सूट कपाटात ठेवावा तसं. आणि आता हे यंत्र ते हिसकावून घेतंय... की डॉक्टरांचं ते चित्र? कारण घसा असा मिटत असेल, तर ते छान कसलं? हे आईपर्यंत जाता कामा नये. तिच्यापाशी तेवढीच तर पुंजी आहे. म्हणून त्याने तिला फोनवर सांगितलं होतं, नाकाचं काहीतरी आहे.

“नाकाचं नाहीये ना रे हे,” आई म्हणाली. तिने मान वर केली नव्हती. “तौनोलाही हेच होतं.”

धप्... धप्... मग बाहेरचं बडवणं थांबलं.

“घोरता घोरता थांबायचा. मग मी कोपर मारायचे, की गाडी सुरू. चाळीस वर्षं कोपर मारलं. आणखी काय असतं संसार म्हणजे?” तिने सुई बदलली. “त्या दिवशी अंधार पडेपर्यंत... अंधार कुठला म्हणा त्या दिवसांत... गवत वर फेकत होते. हात उचलेना. रात्री तो घोरायचा थांबला. मला ऐकू आलं थांबलेलं. म्हटलं, असू दे, शांत वाटतंय जरा. आणि झोप लागली मला. इतकी छान झोप, यार्मो.”

त्याचा हात पट्ट्याकडे गेला.

“हात खाली.” आवाज तसाच, गायीला दटावावं तसा. “पाद्री काहीही बोलला. तुम्ही मुलं ते धरून बसलात, मीही म्हटलं, बरंय. पण आता तुला आतून माहीत आहे. जीव घुसमटतो का रे? कळतं का झोपेत? आत्ता नको सांगूस. बोलता येत नाहीये तुला, म्हणून तर विचारलं.”

कळत नाही, आई. काही म्हणजे काही कळत नाही. मला कधीच कळलं नाही — हे खरं होतं, शपथेवर सांगता आलं असतं. पण हे प्रत्येक वेळी जागा झालेल्याचं खरं. जो एकदाच जागा झाला नाही, त्याला काय कळलं... एकाच घोंगडीखाली, हातभर अंतरावर एक कोपर, आणि ते आलं नाही, हे त्याला कळलं का?

हवा येत होती. आपण कधीपासून भांडायचं थांबलोय, हे यार्मोला आठवेना. तो ती अधाश्यासारखी ओढून घेत होता. कपाटातला तो सूट आता तिथे नव्हता. आई ओठ हलवत टाके मोजत होती, त्याच्याकडे बघत नव्हती, आणि तो मरणाला घाबरला होता — आयुष्यात पहिल्यांदा, पोरासारखा — आणि हा तास संपू नये असं त्याला वाटत होतं, कारण तो संपला की बोलता येणार होतं.