मास्तरांचा उरलेला शब्द

मास्तरांना झटका आला आणि जन्मभर जमवलेले शब्द एका दुपारी सांडून गेले. तळाशी एकच इंग्रजी शब्द चिकटून राहिला, कीप. पाणी हवं, कीप. पाठ दुखते, कीप. खिडकी लाव, कीप.

बायकोला इंग्रजीचा गंध नव्हता, पण हा शब्द ओळखीचा होता. मास्तरांची शिकवणी घरातच चालायची, भिंतीपलीकडे ती भाजी चिरत असायची. "हा शब्द म्हणजे मोठ्या घरची सून," मास्तर पोरांना सांगायचे. "पुस्तक दिलं तर ठेवते, गुपित दिलं तर राखते, वचन दिलं तर पाळते. आणि पुढे दुसरं क्रियापद उभं केलं, की ते करतच राहते, करतच राहते." मग आवाज चढवून, भिंतीपलीकडे जावा असा, "आमच्या सरकारांसारखी."

सरकार म्हणजे ती. ती हाक तिला एकदा परत ऐकायची होती. तेवढ्यासाठी ती त्यांना धरून धरून दवाखान्यात आणायची, बोलायला शिकवणाऱ्या ताईकडे.

आज ताई म्हणाली, "काकू, काकांमध्ये फरक नाही. बाहेर माणसं ताटकळलीत. यांची वेळ आता दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल."

"फरक नाही कसा? तुम्हाला कीप एकच ऐकू येतो, मला दहा येतात. पाण्याचा कसा खाली उतरतो, दुखण्याचा नाकात अडकतो. आतून शब्द फुटतायत हो. जरा दम धरा."

ताईने टेबलावर पेला, चष्मा, टॉवेल मांडला. "मग तुम्ही आमच्याकडे पाठ करून बसा. मी बोट दाखवीन ते काका मागतील, तुम्ही ओळखा. जमलं तर येत राहा."

तिने खुर्ची भिंतीकडे वळवली.

"कीप."

"पेला," ती लगेच म्हणाली.

"कीप."

"चष्मा. नाही, थांबा... टॉवेल."

"कीप."

भिंतीकडे तोंड केलं आणि सगळे कीप एका साच्यातून काढल्यासारखे येऊ लागले.

"वळा काकू," ताई इतक्या हळू म्हणाली की तिला काय ते कळलं. "तुम्ही त्यांचे डोळे ऐकत होतात."

"डोळे तर डोळे. बोलतात ना?"

"बोलतात. पण त्यांना शब्द नाही फुटणार."

घरी येऊन ती भांडी घासायला लागली. इतके दिवस मागे न बघताच ती "आणते हो" म्हणायची आणि पाणी नेऊन द्यायची. मास्तर मुकाट्याने प्यायचे. त्यातलं किती पाणी त्यांनी मागितलेलंच नव्हतं, कोण जाणे.

"कीप," मागून आलं.

तिने नळ बंद केला.

"कीप."

हात पुसून ती वळली. मास्तर भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले होते.

"अहो," ती म्हणाली, "जरा बघा ना माझ्याकडे."

"कीप," मास्तर म्हणाले, डोळे मिटूनच.