उन्हाळा लागला का येतो

शकुबाईचा गोपाल हिंगणघाटच्या गिरणीत काम शिकला आणि थेट मॉरिशसच्या कापडगिरणीत गेला. आमच्या आळीत फोन आमच्याच घरी. त्याचा फोन आला की मी भिंतीवरून हाक मारायची आणि तिनं पिठाच्या हातानं धावत यायचं.

एकदा माझ्या नवऱ्यानं, मधुकररावांनी, तिला नकाशात ते बेट दाखवलं. आफ्रिकेच्या उजवीकडं, समुद्रात, एवढंसं. बोट ठेवलं तर अख्खं बेट झाकलं गेलं. शकुबाई कळवळली. "भाऊजी, बोट काढा ना. दबून राह्यला तो."

आम्ही पोट धरून हसलो. पण तिनं बेटाचं सगळं पाठ केलं होतं. मधे डोंगर, त्यावर पाऊस, खाली ऊस, आणि कधी छपरं उडवणारं वादळ.

होळीच्या आधी त्याचा फोन आला. उन्हाळा लागला का गिरणीले सुट्टी राह्यते, तवा येतो, म्हणाला. शकुबाईला दमा. एकदा पोराला डोळे भरून पाहायचं, एवढंच तिला उरलं होतं.

तिनं नवा माठ आणून त्यात वाळा टाकला, पन्ह्यासाठी कैऱ्या आणल्या. मग रोज दुपारच्या बसला स्टँडवर जाऊन बसू लागली. छातीत दम नाही आणि चालली ऊन खायला! मी चिडायचे. तो काय घर विसरला आहे, असं विचारायचे. ती म्हणायची, उन्हाळा तर लागला, आता कोणत्याही बसनं येईल. त्यातच वावटळीत टेलिफोनचे खांब पडले आणि त्याला विचारायची सोयही गेली.

नवतपात, मे अखेरच्या त्या भाजत्या नऊ दिवसांत, तिला स्टँडवरच ऊन लागलं. त्यातून ती उठली नाही. तिच्या दिरानं, रूपरावांनी, अग्नी दिला. गोपालला केलेली तार पोचली नसावी. लाईन जोडल्याबरोबर त्याचाच फोन आला.

"काकू, मायले सांगजो, इथं थंडी पडून राह्यली. दिवाळी उलटली का उन्हाळा लागन, तवा येतोच मी."

माझ्या घामेजल्या हातातून रिसीव्हर निसटत होता. त्या बेटावर ऋतू उलटे असतात, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. मला रडू फुटलं.

"मायले दे ना," तो म्हणाला.

"गोपाल," मी म्हटलं, "तुया मायनं आपला उन्हाळा धरला रे. वाट पाहू पाहू गेली."