निराहारी देव आणि मूठभर सुकट

"महाराज, तुमचा देव शी कुठून करतो?"

माझ्या वर्गातल्या मयुरी आणि करिष्मानं पैजच लावली होती, "हिंमत असन तं इचार बे!" मी विचारलं. भजनातले टाळ जागच्या जागी थांबले.

मंडपात अख्खं गाव होतं. मधोमध काचेची पेटी, आत खारं पाणी, एक चपटा दगड आणि साक्षात पंचनागेश्वर! म्हणजे नाण्याएवढी चकती आणि तिला फुटलेले पाच वळवळते नाग. समुद्र आमच्या मोताळा तालुक्यापासून इतका लांब, की तिकडून काहीही आणा, आम्ही हळद-कुंकू घेऊन तयार!

काल महाराजांनी चिमट्यानं एक नाग धरला. तो तुटून पडला, पडूनही वळवळत राहिला. मग पेटीवर काळं फडकं, फडक्याखाली महाराजांचे पवित्र हात, तोंडानं "फट् फट् स्वाहा", आणि फडकं काढलं की पाचही नाग हजर!

"भगवानराव," महाराज माझ्या पप्पांना म्हणाले होते, "देवाचा हात उगवतो, मग तुमचं बोट नाही उगवणार? दवाखाना सोडा, हे तीर्थ लावा."

पप्पांचं बोट कडबाकुट्टीच्या पात्यात गेलं होतं. जखम चिघळली होती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, उद्या ऑपरेशन, उशीर केला तर पूर्ण हात जाईल. आणि पप्पा मंडपात बसून पट्टी सोडत होते! पैज नसती तरी मी विचारलंच असतं.

"बालिके," महाराजांनी डोळे मिटले, "देव निराहारी आहे. फक्त वायू भक्षण करतो."

"म्हणजे सुकट टाकली तं तिच्याकडे पाहणार बी नाही?"

"सुकट? शिव शिव शिव!"

शिव शिव होईपर्यंत धामणगाव बढेच्या बाजारातली मूठभर सुकट पेटीत पडली होती. कालच शाळेच्या पुस्तकातल्या चित्रावरून देवाला ओळखून मी तयारीनं आले होते.

देवाला वास लागला. निराहारी देव हात मारत सुकटीवर तुटून पडले. आणि दगडाखालून दुसरे निराहारी देव निघाले. यांना चारच हात!

"आई व! हे तं दोन हायेत!" शेजारच्या रुखमाबाई ओरडल्या.

"मावशी, हा ब्रिटल स्टार. तारामाशाचा भाऊबंद. कोणी धरलं की हात टाकून पळते. उजेड नको असते म्हणून दगडाखाली लपते. फडक्याखाली महाराजांनी तुटका दगडाखाली ढकलला अन् साबूत बाहेर काढला."

"अन् शी?" करिष्मा मागून ओरडली. पैजेचं भान तिलाच.

"पोटाखाली एकच तोंड. घास तिथूनच आत, घाण तिथूनच बाहेर. याच पाण्यात."

रुखमाबाईंचा चेहरा बदलला. "मंग मी सकाळी तीर्थ म्हणून काय पेली व?"

उत्तराची वाट न बघता त्या मोरीकडे पळाल्या. महाराज "कलियुग, कलियुग" करत चिमटा फडक्यात गुंडाळू लागले. प्रश्न विचारल्यावर देव काही रागावले नाहीत, सुकट खात राहिले. रागावले ते फक्त महाराज. म्हणून सांगते, आधी विचारा, मग हात जोडा.

पप्पा मात्र अजून पेटीकडेच बघत होते. "पण हात उगवते तं खरा न, अनु?"

"उगवते पप्पा. महिने लागतात. अन् त्याचा उगवते, आपला नाही."

पप्पांनी सुटलेली पट्टी हळूच परत गुंडाळली.

घरी आल्याबरोबर मी जाहीर केलं, "आई, पिशवी भर. उद्या पहिल्या एसटीनं मी पप्पाले घेऊन बुलढाण्याले जाऊन राह्यली."

"अन् उद्याची तुही घटक चाचणी?"

"चाचणी पुन्हा होते, आई. हात नाही होत."